शेजारच्या सीटवरचं एक वर्ष



इंग्लंडला निघालेल्या आपल्या मुली-सुनांचे मला जे निरोप येतात, त्यांतले प्रश्न ठरलेले असतात. तूरडाळ मिळते का, कुकर न्यावा का, भाड्याच्या घरात देवघर कुठं मांडावं, कंदमुळं नसलेलं बाहेर काही खायला मिळतं का. सगळं मिळतं बायांनो, कुकरसुद्धा मिळतो. पण गाडीच्या लायसन्सबद्दल एकही जण विचारत नाही. विचारलंच तर तिचा नवरा विचारतो, आणि तो स्वतःच्या लायसन्सबद्दल.

म्हणून आज त्यावरच लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटत नाही त्यांचा वेळ जायचा नाही. घरात दोघांकडेही भारतातलं लायसन्स असेल, तर इथं आल्यावर परीक्षेचा पहिला अर्ज बायकोचा जावा, नवऱ्याचा नंतर. आणि तो पहिल्या महिन्यात जावा.

नियम थोडक्यात असा. भारतातलं चालू मुदतीचं लायसन्स असेल तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये राहायला आल्यापासून १२ महिने त्यावर गाडी चालवता येते. त्यानंतर ते इथं चालत नाही, आणि ते देऊन इथलं घेताही येत नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे अशा काही देशांचं लायसन्स राहायला आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज आणि फी भरून बदलून मिळतं. त्या यादीत भारत नाही. आपल्याला शिकाऊ लायसन्स, ज्याला इथं प्रोव्हिजनल म्हणतात, ते काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. अगदी अठरा वर्षांच्या पोरासारख्या.

झिम्बाब्वेचं चालतं आणि आमचं का नाही, यावर आमच्या व्हॉट्सॲप गटात दर दोन महिन्यांनी एकदा भांडण होतं. राग मला समजतो. पंधरा वर्षं पुण्याच्या गर्दीत गाडी हाकलेल्या बाईला कुणी 'शिकाऊ' म्हटलं की टोचतंच. पण लायसन्स बदलून देणं हा दोन सरकारांमधला मामला आहे, त्यात तुमच्या-माझ्या हाताची परीक्षा कुणी घेतलेली नसते. नेदरलँड्सचं उदाहरण घ्या. तिथं बाहेरून बोलावून आणलेल्या नोकरदारांना 'थर्टी पर्सेंट रूलिंग' नावाची करसवलत मिळते. ती सवलत ज्याला आहे, त्याला आणि त्याच्या घरच्यांना भारतातलं लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं. ज्यांना नाही, त्यांचं लायसन्स तिथं नोंदणी झाल्यापासून १८५ दिवसांनी निरुपयोगी होतं आणि परीक्षा द्यावी लागते. म्हणजे सांगलीच्या एकाच वर्गात शिकलेल्या, एकाच ट्रेनिंग स्कूलच्या मारुतीत क्लच दाबायला शिकलेल्या दोन मुली आइंडहोव्हनला गेल्या, तर एकीला काउंटरवर लायसन्स मिळेल आणि दुसरी परीक्षेला बसेल. फरक कशात? त्यांच्या नवऱ्यांच्या पगारपत्रकात. जिला मिळतंय तिनं जरूर घ्यावं, मी काही तिला नको म्हणणार नाही. पण इथली परीक्षा नवऱ्याचा व्हिसा कुठला, पगार किती, हे विचारत नाही, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

आता पहिला अर्ज बायकोचाच का?

सवय साधी आहे. नवरा आधी येतो, बायको-मुलं तीन-चार महिन्यांनी मागून. गाडी घेतली जाते ती त्याच्या ऑफिससाठी. विम्यावर नाव त्याचं, कारण भारतातल्या लायसन्सवर विमा महाग पडतो आणि दुसरं नाव घातलं की आणखी वाढतो. बाई शेजारच्या सीटवर बसते. 'तुझं बघू नंतर, आधी घर लागू दे.' घर लागतं, शाळा लागते, दिवाळी होते, बारा महिने संपतात. घड्याळ मात्र ती इथं राहायला आली त्या दिवसापासून चाललेलं असतं. तेराव्या महिन्यात ती कायद्यानं शिकाऊ होते. गाडीला पुढंमागं लाल 'एल' लावून, शेजारी दुसरं कुणी बसल्याशिवाय तिला रस्त्यावर येता येत नाही.

आणि खरी गंमत इथं आहे. शेजारी बसणारा माणूस २१ वर्षांच्या वरचा हवा आणि त्याच्याकडे पक्कं लायसन्स तीन वर्षांपासून हवं. ते इथलं किंवा युरोपातल्या ठरावीक देशांतलं; भारतातली वर्षं त्यात मोजत नाहीत. नवऱ्यानं गेल्या वर्षी इथली परीक्षा पास केली असेल, तर बायकोच्या शेजारी बसून तिला सराव करवण्याचा हक्क त्याला आणखी दोन वर्षं नाही. 'हा शिकवेल की मला' असं म्हणत थांबलेल्या बायका माझ्या ओळखीत तीन आहेत. तिघींनाही हे तेराव्या महिन्यानंतर कळलं. आधीचे बारा महिने मात्र अगदी उलटे असतात. त्यात तिला एकटीनं, एल न लावता, मोटरवेवरसुद्धा गाडी चालवता येते. सरावाचा तो काळ दर तासाला पैसे न मोजता मिळालेला असतो, आणि तोच आपण शेजारच्या सीटवर घालवतो.

नवऱ्याचं काय, असं कुणी म्हणेल. त्याचेही बारा महिने संपतातच. पण तो रोज गाडी चालवतोय, हात त्याचा बसलेला आहे, आणि परीक्षा लांबली तर त्याचं ऑफिस, त्याची ट्रेन, त्याचा मित्र असं काही ना काही त्याच्या मागं उभं असतं. घरी असलेल्या बाईच्या मागं बसथांबा असतो. तासाला एक बस.

लंडनमध्ये हॅरोला किंवा वेम्ब्लीला राहणाऱ्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल. तुमच्या दारात भुयारी रेल्वे आहे, दुकान आहे, चालत जाता येईल असं मंदिर आहे. पण नोकरीमुळे आपली बरीच कुटुंबं आता लहान शहरांत पसरली आहेत. मी राहते त्या मिल्टन कीन्सची रचनाच गाडीसाठी झालेली आहे: उभे-आडवे आखलेले रस्ते आणि शंभरच्या वर गोल चौक. इथून लेस्टरचं संगमरवरी जैन मंदिर किंवा पॉटर्स बारजवळचं ओसवाल सेंटर गाडीनं तासाभराचं. ट्रेन-बस करत गेलं की अर्धा दिवस, आणि बाबागाडी बरोबर असेल तर देवाचं नाव घ्यायचंही त्राण उरत नाही. पर्युषणात रोज जायचं म्हटलं तर नवऱ्याची सुट्टी मागावी लागते. दर्शनाला जायचं की नाही हे त्याच्या मीटिंगवर ठरतं.

हिवाळ्यात तर आणखी एक पेच. डिसेंबरात इथं चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. शाळा सुटते सव्वातीनला. ज्या घरात रात्रीभोजनत्याग पाळतात, तिथं शाळेतून घरी यायला पाऊण तास चालत लागतो की आठ मिनिटं गाडीत, यावर मुलांच्या पोटात गरम काही जाणार की डब्यातलं गार, हे ठरतं. नियम पाळणं मनावर अवलंबून असतं हे मला मान्य आहे. पण थोडं गाडीच्या किल्लीवरही असतं.

इथंच एका मैत्रिणीचं सांगते, नाव-गाव सांगत नाही. इचलकरंजीकडची मुलगी. भारतात नऊ वर्षं गाडी चालवलेली, कोल्हापूर-पुणे रस्त्याला एकटी येणारी-जाणारी. नवरा कामासाठी आठवडाभर बाहेरगावी, गाडी दारात उभी, आणि रात्री साडेअकराला दोन वर्षांच्या मुलाला तापात झटका आला. अँब्युलन्स आली, मुलगा सुखरूप आहे. परत येताना पहाटे चारला, थंडीत, पायात घरच्या चपला, झोपलेलं पोर खांद्यावर, आणि टॅक्सीची पन्नास मिनिटं वाट. तिचा चौदावा महिना होता. ती मला म्हणाली, 'ताई, मला गाडी येते हो. येते.' हे तिनं तीनदा सांगितलं.

गाडी दारात आहे, एकदाच जाऊन येते, असं अशा वेळी मनात येतंच. येऊ देऊ नका. तेराव्या महिन्यात एकटीनं गाडी काढली म्हणजे लायसन्स नाही आणि म्हणून विमाही नाही. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा ठरलेला दंड ३०० पौंड आणि नोंदीवर सहा गुण. पोलीस गाडी जप्त करू शकतात. नव्यानं लायसन्स मिळालेल्याला पहिल्या दोन वर्षांत सहा गुण झाले तर लायसन्स रद्द होऊन सगळं पहिल्यापासून. आणि कुणाला धक्का लागला तर? आपण मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणारी माणसं, दुसऱ्याच्या जिवाची भरपाई करणारा कागदही नसताना रस्त्यावर यायचं नाही.

ऐकीव गोष्टी फार फिरतात, त्यांतल्या दोन इथंच खोडते. सुट्टीत भारतात जाऊन आलं की बारा महिने नव्यानं सुरू होतात, असं काही नाही; तुम्ही राहता इथंच, मोजणी पहिल्यापासूनच. आणि आरटीओतून हजार रुपये भरून आणलेलं आंतरराष्ट्रीय परमिट म्हणजे वेगळं लायसन्स नव्हे. ते तुमच्या लायसन्सचं भाषांतर आहे. त्यानं बाराचे तेरा महिने होत नाहीत.

आता निघण्याआधी करायच्या गोष्टी. ह्या भारतातच उरकायच्या, आणि ह्या बायकांच्याच अडचणी आहेत, पुरुषांच्या नाहीत.

लायसन्स काढून एकदा नीट वाचा. आपल्याकडच्या कितीतरी जणींचं लायसन्स कॉलेजात स्कूटीसाठी काढलेलं असतं आणि त्यावर चारचाकीची, म्हणजे एलएमव्हीची, नोंदच नसते. मग इथल्या बारा महिन्यांचा गाडीसाठी उपयोग शून्य. दुसरं, नाव. लायसन्स माहेरच्या नावानं, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्ट सासरच्या नावानं, मधलं नाव नवऱ्याचं. काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. विमा कंपनीच्या माणसाला ह्या दोन बाया वाटतात, आणि त्याला दोष देता येत नाही. लायसन्सवरचं नाव बदलायची सोय परिवहनच्या सारथी पोर्टलवर आहे, ती वापरा. नाही जमलं तर लग्नाचा दाखला बरोबर ठेवा. तिसरं, मुदत. संपायच्या आधी एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. इथं आल्यावर सहाव्या महिन्यात मुदत संपली तर बाराचे सहाच उरतात.

इथं आल्यावर प्रोव्हिजनलचा अर्ज ऑनलाइन ३४ पौंडांत, पोस्टानं ४३. पोस्टाचा डी-वन फॉर्म पोस्ट ऑफिसातच मिळतो. थिअरीचे २३, प्रॅक्टिकलचे कामाच्या दिवशी ६२. थिअरी पास झाल्याशिवाय प्रॅक्टिकलची तारीख मागता येत नाही आणि ती तारीख मिळायला सध्या महिनोन्‌महिने लागतात. पहिला महिना म्हणते ते त्यासाठीच. सहाव्या महिन्यात जागं झालेल्या बाईला बाराव्याच्या आत तारीख मिळेलच असं नाही. थिअरीचा निकाल मात्र दोन वर्षं टिकतो, तेव्हा ती आधी देऊन ठेवण्यात तोटा काहीच नाही.

थिअरीला ५० प्रश्न, ४३ बरोबर हवेत. परीक्षा इंग्रजीतच, इतर भाषांतला आवाज आणि दुभाषे २०१४ साली बंद झाले. मराठी माध्यमातल्या मैत्रिणी इथं बिचकतात. पण ते इंग्रजी कवितेचं नाही, पाट्यांचं आहे. शे-दीडशे शब्द आहेत: हार्ड शोल्डर, काँट्राफ्लो, पफिन क्रॉसिंग. संस्कृत-प्राकृत स्तोत्रं पाठ करणाऱ्या बायकांना हे जड जाईल असं मला वाटत नाही.

त्याच परीक्षेचा दुसरा भाग मला फार आवडला. हॅझर्ड परसेप्शन. पडद्यावर रस्त्याचे १४ छोटे व्हिडिओ दाखवतात आणि धोका तयार होतोय असं वाटलं की क्लिक करायचं. जितकं लवकर ओळखाल तितके जास्त गुण, ७५ पैकी ४४ हवेत. उगाच सारखं क्लिक केलं तर त्या व्हिडिओचे शून्य. उभ्या गाडीखालून चेंडू बाहेर आला, म्हणजे मागून मूल येणार. बसच्या पुढून पाय दिसले, म्हणजे माणूस येणार. मला तर ती चाकावरची ईर्यासमितीच वाटली! चार हात पुढचं बघून पाऊल टाकायचं, फक्त इथं चार हातांचे चाळीस मीटर होतात.

प्रॅक्टिकल साधारण चाळीस मिनिटांची, त्यातला काही वेळ बहुधा सॅटनॅव्हच्या सांगण्यावरून आपलं आपण जायचं. लहान चुका पंधरापर्यंत माफ, गंभीर एकही नाही. देणाऱ्यांपैकी साधारण निम्मेच पास होतात, तेव्हा नापास झालेल्या बाईला घरात कुणी 'तरी मी म्हणत होतो' असं म्हणू नये. आपल्या लोकांना गाडी येत नसते असं नाही. आरसा बघायची सवय नसते. वळताना, वेग कमी करताना, लेन बदलताना आरसा, आणि परीक्षकाला दिसेल असा. हॉर्नवर चालणारा आपला हात इथं रिकामा होतो आणि त्याला काम डोळ्यांनी द्यायचं असतं. शिवाय जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की तुम्ही ज्या रस्त्यात वळताय तो ओलांडायला कुणी कडेला उभा असेल, तर थांबायचं तुम्ही. पुण्यात असं थांबलं तर मागचा काय म्हणेल ते लिहीत नाही.

म्हणून थोडे तरी क्लास घ्या. तासाला साधारण ३५ ते ४० पौंड पडतात. आठ-दहा तास आणि सगळ्या फिया धरून भारताच्या एका विमान तिकिटाएवढा खर्च. 'एवढे कशाला, तुला येते की' हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, त्याच घरात टीव्ही किती इंची घ्यायचा यावर पंधरा दिवस चर्चा झालेली असते. आणि क्लास घ्याल तो बिल्लेवाल्याकडेच घ्या. पैसे घेऊन शिकवायचा अधिकार नोंदणी असलेल्यांनाच आहे. त्यांच्या काचेवर हिरवा अष्टकोनी बिल्ला असतो, उमेदवारी करणाऱ्यांचा गुलाबी त्रिकोणी. आपल्याच लोकांपैकी कुणी 'ओळखीत वीस पौंडांत शिकवतो' म्हणत असेल आणि काचेवर काही नसेल, तर ओळख देवळातली असली तरी नको. तारखा जादा पैशांनी विकणारेही असेच, त्यांच्याही नादी लागू नका.

ऑटोमॅटिकवर परीक्षा देऊ का, असा एक प्रश्न उरतो. ऑटोमॅटिकवर पास झालं की गिअरची गाडी चालवता येत नाही, म्हणून नवरेमंडळी नाक मुरडतात. घरात गाडी ऑटोमॅटिक असेल तर खुशाल त्यावर द्या. नवरे आधी येऊन स्वस्तातली गिअरची गाडी घेऊन ठेवतात आणि मग बाईला तिच्यावर शिकावं लागतं. गाडी घ्यायच्या आधीच हा विषय काढला तर बरं.

इथलं लायसन्स मिळालं तरी भारतातलं तुमच्याकडेच राहतं, कारण अदलाबदल झालेलीच नसते. नेदरलँड्सवाल्यांना मात्र जुनं जमा करावं लागतं. ते चालू ठेवा, सुट्टीत माहेरी गेल्यावर भावाला उठवावं लागत नाही. आमच्या घरी दोघांच्याही लायसन्सांच्या मुदती एका कागदावर लिहून फ्रीजवर लावल्या आहेत, पासपोर्टच्या तारखांच्या खाली आणि दुधाच्या हिशेबाच्या वर.